फळ्यावरची तिथी पानांवर: बेळगावातील एका स्प्लिट-फ्लॅप दिनदर्शकाचे प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावच्या शहापूर भागातल्या एका छोट्या वाचनालयात दाराशेजारी फळा होता. त्यावर रोज सकाळी वार, तारीख आणि तिथी खडूने लिहिली जाई. लिहिणारे गृहस्थ वयोमानाने थांबले आणि फळ्यावर कधी कालची तिथी, कधी परवाचा वार तसाच राहू लागला. तिघा हौशी मंडळींनी त्या जागी यांत्रिक पाटी बसवून द्यायचे कबूल केले. एक उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतून निवृत्त झालेले टूलरूम कारागीर (साचे-हत्यारे घडवणारे), ज्यांना सगळे काका म्हणतात. दुसरा इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा विद्यार्थी. तिसऱ्या डीटीपी करणाऱ्या ताई, ज्यांना मराठी आणि कन्नड दोन्ही अक्षरजुळणी येते.

पाटीचा प्रकार स्प्लिट-फ्लॅप ठरला. जुन्या विमानतळांवर आणि रेल्वे स्थानकांवर खडखड करत बदलणाऱ्या पाट्या त्या याच. इटलीतील सोलारी ही कंपनी या यंत्रणेसाठी सर्वांत प्रसिद्ध. जीनो व्हाले यांनी रेखाटलेल्या तिच्या चिफ्रा ५ या घड्याळाला १९५६ मध्ये कोम्पासो दोरो हा डिझाइनचा सन्मान मिळाला. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया रेल्वे स्थानकावरची मोठी पाटी जानेवारी २०१९ मध्ये उतरवली तेव्हा लोकांना चुटपुट लागली ती आवाजाची. या तिघांनाही हौस होती ती आवाजाचीच. फ्लॅपला त्यांनी पहिल्याच दिवशी ‘पान’ म्हणायला सुरुवात केली. इथेही तोच शब्द ठेवला आहे.

रचना थोडक्यात अशी. दोन गोल चकत्यांच्या कडेला भोके असतात. प्रत्येक पानाचे दोन कान, म्हणजे दोन बाजूंना बाहेर काढलेली बारीक टोके, त्या भोकांत सैल बसतात. चकत्या फिरल्या की वरचे पान अडसरातून सुटून खाली पडते. दिसणाऱ्या अक्षराचा वरचा अर्धा भाग उभ्या पानाच्या पुढच्या बाजूवर असतो, आणि खालचा अर्धा भाग नुकत्याच पडलेल्या पानाच्या पाठीवर. म्हणजे कोणत्याही पानावर पुढे ‘क्ष’चा वरचा भाग असेल, तर पाठीवर ‘ज्ञ’चा खालचा. हे एकदा डोक्यात बसले की बाकी यंत्र सोपे आहे.

अडचण

हौशी लोकांसाठी उपलब्ध असलेले बहुतेक आराखडे रोमन लिपीसाठी आहेत. चाळीस पाने, त्यात सव्वीस अक्षरे, दहा अंक आणि चार चिन्हे. देवनागरीत हा हिशेब पहिल्याच शब्दाला मोडतो. ‘चतुर्दशी’त उकार आहे, रफार आहे, वेलांटी आहे. एकेका खिडकीत एकेक अक्षर दाखवायचे, तर मात्रांसह अक्षरांची संख्या शेकड्यांत जाते आणि खिडक्यांमधल्या फटींमुळे शिरोरेषा तुटते ती वेगळीच.

दुसरी अडचण भाषेची. वाचनालयात मराठी आणि कन्नड दोन्ही वाचक येतात. पाटीवर आधी काय, हा प्रश्न बेळगावात नवा नाही. व्यवस्थापनाने एकच अट घातली की दोन्ही भाषा हव्यात आणि कोणाला खाली पाहायला लावायचे नाही. दिनदर्शिकेच्या बाबतीत हे वाटते तितके अवघड नाही. सोमवार ते शनिवार हे शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ तेच आहेत. रविवारचा पुस्तकी कन्नडात भानुवार होतो, पण उत्तर कर्नाटकात बोलताना तोही रविवारच. अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणारे, महिने एक, शक एक, पाडवा आणि युगादी एकाच दिवशी. फरक पडतो तो तिथीत. प्रतिपदेला पाड्य, द्वितीयेला बिदिगे, तृतीयेला तदिगे, पौर्णिमेला हुण्णिमे.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय अक्षरागणिक खिडक्यांचा. तो वरच्या कारणाने बाद झाला, आणि ते योग्यच झाले.

दुसरा, एका पानावर एक अख्खा शब्द. मोठ्या विमानतळांच्या पाट्यांवर गावांची नावे अशीच लांब पानांवर असत, म्हणजे ही पळवाट नव्हे, रुळलेली पद्धत आहे. या पर्यायात भाषा आळीपाळीने येणार होत्या: सोमवार मराठीत, मग सोमवार कन्नडात, मग मंगळवार मराठीत. पाने एकाच दिशेने फिरतात, मागे येत नाहीत. दर मिनिटाला भाषा बदलायची तर मराठीवरून कन्नडवर जायला एक पान, पण परत यायला पुष्कळ, काही खिडक्यांत तर चाळीसपैकी एकोणचाळीस. म्हणून सकाळी मराठी आणि दुपारी बारानंतर कन्नड असे ठरले. दिवसाला दोनच पाने पडणार होती.

तिसरा पर्याय ताईंनी सुचवला. शब्द मधोमध कापायचाच नाही. वरच्या अर्ध्यात मराठी शब्द पूर्ण, खालच्या अर्ध्यात कन्नड शब्द पूर्ण. पानाच्या पुढच्या बाजूवर आजचा मराठी शब्द, पाठीवर उद्याचा कन्नड. दोन्ही भाषा सतत दिसतील. बाकी दोघांनी हा नाकारला. कारण सरळ होते: कापलेले अक्षर जुळून येते त्यातच तर गंमत आहे, आणि अक्षरे निम्म्या उंचीची होतात.

इथे पहिला चुकीचा निर्णय झाला. दुसरा पर्याय निवडला गेला, तोही कागदावर एकही शब्द खऱ्या मापात न छापता.

पहिला प्रयत्न

पानांसाठी ओळखपत्राची कोरी पीव्हीसी कार्डे घेतली. त्यांचे माप ८५.६ × ५३.९८ मिमी आणि जाडी ०.७६ मिमी असते. कार्ड लांबीच्या दिशेने मधून कापले की २७ मिमी उंचीची दोन रुंद पाने मिळतात. दोन्ही बाजूंना कान ३.३ मिमीचे ठेवले तर पानाचे अंग ७९ मिमी राहते, आणि छपाईसाठी सुमारे ७२ मिमी. एक बारीक गोष्ट इथे सांगायला हवी. कार्डाचे मूळ कोपरे गोल असतात, म्हणून कान नेहमी कापलेल्या कडेला काढायचे. गोल कोपऱ्याला कान काढला तर तो अर्धाच उरतो आणि पान तिरके लोंबते.

चकत्या आणि चौकटी ३ मिमी एमडीएफमधून, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीतून, लेझरने कापल्या. मोटार २८बीवायजे-४८, पाच व्होल्टची, टप्प्याटप्प्याने फिरणारी स्टेपर, सोबत तिला वीज पुरवणारी यूएलएन २००३ ड्रायव्हर चिप. मूळ स्थान, म्हणजे चकतीची फेरी जिथून मोजायची ती जागा, ओळखायला ए३१४४ हॉल सेन्सर (चुंबक समोर आले की संकेत देणारा) आणि चकतीवर ४ मिमीचे निओडिमियम लोहचुंबक. हा सेन्सर चुंबकाच्या एकाच ध्रुवाला दाद देतो, तेव्हा चिकटवण्याआधी दोन्ही बाजू समोर धरून पाहावे. मेंदू ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर, घड्याळ डीएस३२३१ ही चिप. सहा मोटारींना चोवीस तारा लागतात म्हणून ७४एचसी५९५ चे तीन शिफ्ट रजिस्टर, म्हणजे थोड्या तारांतून आठ-आठ तारा हाताळणाऱ्या चिप, लावले. त्यांना ३.३ व्होल्टवरच चालवायचे. पाच व्होल्ट दिले तर ईएसपी३२ चा संकेत त्यांना कधी कळतो, कधी नाही. यूएलएन २००३ ला ३.३ व्होल्टचा संकेत पुरतो.

अक्षरांसाठी ताईंनी पुढे जे माप बसवले ते जपून ठेवण्यासारखे आहे. ५४ मिमीच्या खिडकीत वरून १४ मिमीवर शिरोरेषा, त्याखाली २६ मिमीचे अंग, उरलेले १४ मिमी उकारांना. चिरेची रेघ, म्हणजे वरचे आणि खालचे पान जिथे मिळतात ती, २७ वर, म्हणजे अंगाच्या बरोबर मध्यावर. सुरुवातीला सॉफ्टवेअरने प्रत्येक शब्द आपल्या मापाने मध्यावर आणला होता. त्यामुळे रफार असलेल्या शब्दाची शिरोरेषा खाली आणि नसलेल्याची वर. पाने फिरताना ती रेघ बेडकासारखी उड्या मारत होती. शिरोरेषा एका उंचीवर बांधल्यावर ते थांबले.

पण २६ मिमी अंगाचा ‘चतुर्दशी’ ७२ मिमीत मावत नाही. ‘प्रतिपदा’ही नाही. मग वारांचे ‘सोम’, ‘मंगळ’ झाले आणि तिथीचे ‘चतु.’. हे ‘चतु.’ म्हणजे चतुर्थी की चतुर्दशी? उपवास कोणत्या दिवशी धरायचा, हे त्या पाटीवरून ठरवता येईना. ‘बुध’ दुरून ‘वुध’ वाचला जाई, कारण ब च्या पोटातली तिरकी रेघ नेमकी चिरेवर येत होती. दिनदर्शकाने तिथीच संदिग्ध दाखवली तर त्याचा आवाज कितीही गोड असून काय उपयोग?

दोष कसे उघड झाले

फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत पाने जोडीने पडू लागली. पीव्हीसीवर पीव्हीसी घासले की स्थिर विद्युत साठते आणि दोन पाने एकमेकांना धरून बसतात. कपडे मऊ करायचे द्रव पाण्यात पातळ करून कापडाने पुसल्यावर त्रास बराच कमी झाला, पण दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पुसावे लागे.

एप्रिल-मेच्या उन्हात दुसरा दोष. अक्षरे व्हिनाइल स्टिकरची होती आणि ती पानाच्या अगदी कडेपर्यंत लावली होती. उष्णतेने डिंक कडेबाहेर सरकला आणि शेजारच्या पानाला लागला. स्टिकर कडेपासून मिलीमीटरभर आत ठेवला असता तर हे टळले असते, पण मग चिरेजवळ पांढरी पट्टी दिसली असती.

तिसरा दोष सर्वांत शिकवणारा. वाराची खिडकी दीड महिना बरोबर चालली आणि एका सोमवारी वेळेआधीच पुढचे पान दाखवू लागली. “आज सोमवार हाय की ओ, मंगळवार कसा काय?” असे एका वाचकाने विचारले तेव्हा शोध सुरू झाला. या मोटारीच्या गिअरचे प्रमाण १:६४ आहे असे सर्रास लिहिलेले असते आणि त्यावरून एका फेरीचे २०४८ टप्पे धरले जातात. या मोटारीतले दाते मोजले तर प्रमाण १:६३.६८४ भरते, म्हणजे फेरीला २०३७.९ टप्पे. दर फेरीत दहा टप्पे जास्त. चाळीस पानांच्या चक्रात एका पानाला ५०.९५ टप्पे लागतात, तेव्हा पाच फेऱ्यांत एक अख्खे पान पुढे जाते आणि तीन फेऱ्यांतच अर्ध्याहून जास्त. वाराची खिडकी दोन आठवड्यांत एक फेरी करत होती, म्हणून दोष दिसायला सहा आठवडे लागले. आणखी मजा म्हणजे सेन्सर फक्त वीज आल्यावर वाचला जात होता. वीज गेली की पाटी आपोआप दुरुस्त व्हायची. त्या सहा आठवड्यांत वीज गेलीच नाही, म्हणून चोर सापडला.

आणि मग पाऊस. बेळगावचा जुलै एमडीएफला सोसत नाही. ४२ मिमी व्यासाच्या वर्तुळावर चाळीस भोके पाडली की दोन भोकांमध्ये जेमतेम १.३ मिमी लाकूड उरते. ते फुगले, २ मिमीची भोके आवळली, कान अडकले. एका चकतीला वॉर्निश लावून पाहिले, तर वॉर्निशनेच भोके बुजली. ऑगस्टमध्ये पाटी उतरवली आणि फळा पुन्हा टांगला.

दुसरा आराखडा

या वेळी क्रम उलटा केला. आधी ताईंनी प्रत्येक शब्द खऱ्या मापात साध्या कागदावर छापला, वाचनालयाच्या भिंतीला लावला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून तीन-चार मीटरवरून वाचून घेतला. २७ मिमीच्या अर्ध्या खिडकीत ७ मिमी वर, १३ मिमी अंग, ७ मिमी खाली. ‘चतुर्दशी’ पूर्ण मावला आणि साडेतीन मीटरवरून विनासायास वाचता आला. पाटी दाराशेजारी असल्याने त्यापेक्षा लांबून कोणी पाहतही नाही. नाकारलेला तिसरा पर्याय अशा रीतीने मान्य झाला. तडजोड म्हणून तारखेच्या दोन खिडक्या मोठ्या, मधोमध कापलेल्या ठेवल्या. त्यात आंतरराष्ट्रीय अंक घेतले, ते दोन्हीकडचे वाचक वाचतात. जुळून येणाऱ्या अक्षराची हौस तिथे फिटते.

एकूण सहा खिडक्या, प्रत्येकी चाळीस पाने. वार सात गुणिले पाच, वर पाच कोरी. महिने बारा त्रिक छत्तीस आणि चार कोरी. दहं स्थानाला शून्य ते तीन दहा वेळा, एकं स्थानाला शून्य ते नऊ चार वेळा. पक्षाला शुद्ध आणि वद्य वीस-वीस वेळा, कन्नडात शुद्ध आणि बहुळ. तिथीला शुद्ध प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंत सलग तीस पाने आणि दहा कोरी. रुंद खिडकीला वीस कार्डे, अंकांच्या खिडकीला दहा, कारण तिथे एका कार्डातून चार पाने निघतात. एकूण शंभर कार्डे आणि वर दहा जास्तीची.

स्टिकर बाद केले. शाळा-कॉलेजची ओळखपत्रे छापणाऱ्या दुकानातून कार्डांवरच दोन्ही बाजूंनी छापून घेतले. इथे मांडणी चुकणे अगदी सोपे आहे. कान कापलेल्या कडेला हवेत, म्हणून कार्डाच्या पुढच्या बाजूवरचे दोन शब्द पायाला पाय लावून येतात आणि पाठीवरचे डोक्याला डोके लावून. पान पुस्तकासारखे उलटत नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरासारखे उलटते. दुकानातले यंत्र मात्र पुस्तकासारखेच उलटते, म्हणून पाठीचे चित्र अर्धा वळसा फिरवून द्यावे लागले. एक कार्ड आधी छापून, कापून, हातात उलटून पाहिले आणि मगच उरलेली दिली. पहिल्या नमुन्यात सोमवारच्या पाठीवर कन्नड मंगळवार डोक्यावर उभा होता.

चकत्या काकांनी ३ मिमी हायलम शीटच्या, म्हणजे राळेत दाबलेल्या कडक थरांच्या, केल्या. ओलाव्याने ती फुगत नाही, पण लेझरने करपते, म्हणून ड्रिलच करावी लागते. चाळीस पानांचा आकडा इथे उपयोगी पडला. वर्तुळाचे समान भाग पाडणाऱ्या डिव्हायडिंग हेड या साधनाचे प्रमाण ४०:१ असते, तेव्हा दर भोकाला हँडलचा बरोबर एक फेरा. छिद्रपट्टीवर मोजामोज नाही, चूक व्हायला जागा नाही. चार-चार चकत्या एकत्र आवळून ड्रिल केल्या. यापेक्षा जाड थर घेतला तर २ मिमीचे ड्रिल वाकडे जाते. खाली टाकाऊ हायलमचा तुकडा न ठेवल्यास शेवटच्या चकतीची कड उडते. थर सोडण्याआधी काकांनी कडेवर आडवी रेघ ओरखडली आणि एकाच थरातल्या दोन चकत्यांची जोडी लावली, तीही त्याच तोंडाने. एक चकती उलटी बसवली तर भोकांतल्या बारीक चुका आरशासारख्या विरुद्ध जातात आणि पाने तिरकी बसतात.

मोटारीचा दांडा ५ मिमीचा आणि दोन बाजूंनी ३ मिमीवर चपटा असतो. चकतीचे मधले भोक तसे कानसून घेतले. चौकटी अॅक्रिलिकच्या आणि अॅल्युमिनियम अँगलच्या. चाळीस रुंद पानांचे वजन सुमारे शंभर ग्रॅम होते. मोटारीला ते पेलते, पण चकती कुठे घासत असेल तर नाही. म्हणून पाने लावण्याआधी रिकामी चकती बोटाने फिरवून पाहणे सक्तीचे केले.

प्रोग्राममध्ये दोन बदल. दर फेरीला सेन्सरवरून मूळ स्थान पुन्हा धरायचे, आणि प्रत्येक पानाचे स्थान मूळ स्थानापासून मोजून मग पूर्णांकात आणायचे. दर पानाला ५१ टप्पे मिळवत जायचे नाही. वीज आल्यावर सहाही खिडक्या एकदम मूळ स्थान शोधत, तेव्हा मोबाइल चार्जरचा दम तुटून ईएसपी३२ पुन्हा-पुन्हा सुरू होई. एका मोटारीला सुमारे २०० मिलिअँपियर लागतात. आता ५ व्होल्ट ३ अँपियरचा पुरवठा आहे आणि खिडक्या एकामागून एक फिरतात. पान थांबले की कॉइल बंद होते. गिअरच्या घर्षणानेच चकती जागेवर राहते, मोटार तापत नाही.

तिथीचे गणित यंत्रात करायचा विद्यार्थ्याचा आग्रह होता. तो सोडला. छापील पंचांगातून वर्षाची तिथी एक ते तीस आकड्यांत उतरवून साठवली. क्षय तिथी असेल त्या दिवशी दोन पाने पडतात, वृद्धी असेल तर एकही नाही. तारीख मध्यरात्री बदलते, तिथी सूर्योदयाची धरली जाते, म्हणून तिथी आणि पक्षाच्या खिडक्या सकाळी साडेसहाला हलतात. स्मार्त आणि भागवत एकादशीचा प्रश्न वारकरी वाचकांनी विचारलाच. पाटी फक्त सूर्योदयाची तिथी दाखवते, उपवासाचा निर्णय देत नाही, असा कागद खाली चिकटवला आहे.

निष्पत्ती

दिवाळीपूर्वी पाटी लागली. पुढचा कोरडा हंगाम आणि पुढचा पावसाळा तिने काढला. स्थिर विद्युत पूर्ण गेलेली नाही. पानांच्या मोकळ्या कडा ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने किंचित खरबरीत केल्यापासून पुसण्याची गरज वर्षातून दोनदा पडते. दोन कान तुटले, जास्तीच्या कार्डांतून पाने लावली.

एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नव्हती. वाचनालय सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी उघडे असते. पाने पडतात मध्यरात्री आणि साडेसहाला. ज्या आवाजासाठी एवढा खटाटोप केला, तो कोणाच्याच कानी पडत नव्हता. आता सकाळी साडेसातला आणि संध्याकाळी पाचला प्रत्येक खिडकी एक पूर्ण फेरी मारते. एका खिडकीला सुमारे सहा सेकंद, सगळ्यांना मिळून छत्तीस. वाचनात व्यत्यय येतो अशी तक्रार होईल असे वाटले होते. पाचच्या ठोक्याला शाळेची पोरे दप्तरासकट दारात उभी असतात.

वेगळे काय करता आले असते

खऱ्या मापातले कागद भिंतीवर लावण्याचे काम एका संध्याकाळचे होते. ते सप्टेंबरऐवजी जानेवारीत केले असते तर पहिली पाटी बनलीच नसती. यंत्राचा भाग जगभर सोडवून झालेला आहे. पानावर काय आणि कसे छापायचे, हा भाग आपल्या लिपीसाठी आपल्यालाच सोडवायचा आहे, आणि तो सर्वांत शेवटी हातात घेतला गेला. ताईंचे म्हणणे पहिल्या बैठकीत बाजूला पडले याचेही कारण तेच असावे: छपाई म्हणजे वरची सजावट, असा बाकी दोघांचा समज.

एमडीएफचा नमुना मात्र चूक म्हणता येत नाही. चाचणीपुरता तो स्वस्त आणि झटपट आहे. चूक होती ती नमुनाच भिंतीवर कायमचा टांगण्यात. मोटारीच्या प्रमाणाची चूकही टेबलावर अर्ध्या तासात पकडता आली असती: सेन्सर न वाचता पन्नास फेऱ्या मारायच्या आणि चकतीवरची खूण कुठे येते ते पाहायचे. दहा पानांचा फरक झाकून राहत नाही.

चांद्रमासाची खिडकी हवी, अशी मागणी आता होते आहे. चैत्र ते फाल्गुन बारा पाने आणि अधिक मासाची बारा, म्हणजे चोवीस. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, तेव्हा ती पाने कोरी ठेवून चालणार नाही. सहा खिडक्यांना बारा चकत्या पुरेशा होत्या, काकांनी चार थर ड्रिल केले होते. उरलेल्या चार चकत्या त्यांच्या खणात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या आहेत, कडेवरची रेघ तशीच.